टिंब असलेला स्क्रू

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ, घरात सगळे झोपलेले, मी गॅरेजचं शटर अर्धं वर करून पाटावर बसलेलो. हो, पाटच. आईने सामानात कोंबून दिलेला सागवानी पाट, त्यावर जेवायला इथे कुणी बसत नाही पण इंजिनासमोर बसायला त्याच्याइतकी बरोब्बर उंची दुसऱ्या कशाचीच नाही. समोर यामाहाचं १९६६ सालचं इंजिन, डाव्या कव्हरचा एकच स्क्रू राहिलेला, आणि हातात आदल्या दिवशी पोस्टाने आलेला जपानी स्क्रूड्रायव्हर. तो स्क्रूच्या फुलीत ठेवला तर असा बसला की हात सोडला तरी पडेना, तसाच उभा राहिला. जरा दाबून फिरवला आणि 'टक्' असा छोटासा आवाज आला. झालं, सुटला. पन्नासहून जास्त वर्षं गंजत बसलेला स्क्रू, त्याला ना हातोडी लागली ना छिन्नी, ना तेल सोडून रात्रभर वाट बघावी लागली, मस्का लावल्यासारखा फिरत बाहेर आला. खरं तर मी खूश व्हायला पाहिजे होतं. पण तो स्क्रू तळहातावर घेऊन मी बराच वेळ नुसता बसून राहिलो आणि पोटात काहीतरी खुपत राहिलं.

कारण मला साताऱ्याचे मिस्त्री आठवले होते.

ते सांगतो, पण आधी गाडीचं सांगू दे, नाहीतर जीव राहणार नाही. गाडी म्हणजे यामाहा वायडीएस-३सी, 'बिग बेअर स्क्रॅम्बलर'. अडीचशे सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाच गिअर. दोन्ही सायलेन्सर वर उचललेले, हँडल रुंद, आणि टाकीचा क्रोम असा की त्यात बघून दाढी करावी. म्हणजे तेव्हा करता आली असती, मला मिळाली तेव्हा टाकी आतून बाहेरून तांबेरा पडल्यासारखी होती. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो तिथून पूर्वेला दीड-दोन तासांवर, वाळवंट सुरू होतं त्या बाजूला, एका म्हातारबुवांच्या शेडमध्ये ती कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे उभी होती. पिस्टन जाम, किक दगडासारखी, सीटमध्ये उंदराने संसार थाटलेला. सीट वर केली तर खाली टूलकिटचं मूळ पाऊच मात्र होतं, कडक होऊन तडे गेलेलं, त्यात दोन पाने आणि प्लगचा पाना. बायको म्हणाली हे भंगार आणायला तू ट्रक भाड्याने घेतलास? मी म्हटलं हो. ह्याच्यापुढे संवाद गेला नाही.

माझ्यासारख्या सातारकराला त्या इंजिनात काय दिसतं ते आरएक्स किंवा राजदूत साडेतीनशे चालवलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही. यामाहाच्या ह्या जोडसिलिंडर टू-स्ट्रोकांचं सगळं खानदान एकच आहे. वायडीएस-१ आली १९५९ ला, मग २, मग ही ३, पुढे साडेतीनशेची आर-५, तिच्यापासून आरडी ३५०, आणि तीच आरडी १९८३ साली फरिदाबादला राजदूतचं नाव लावून उतरली. पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम लावला, इंजिनाची रग जरा कमी केली, तरीही आमच्याकडे ती गाडी घेणाऱ्या मुलाच्या आयांनी नवस बोलले असणार. तर ती राजदूत नात लागते आणि ही माझी बिग बेअर आजी, असं मी बायकोला समजावून सांगितलं. तिने आजीला अंघोळ घाल म्हणून सांगितलं.

स्क्रॅम्बलर म्हटलं की लोकांना वाटतं डोंगरदऱ्यांतून उड्या मारणारी गाडी. तसं काही नाही. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ट्रायम्फसारख्या मोठमोठ्या गाड्या घेऊन शर्यती व्हायच्या, बिग बेअर हे त्यातल्याच एका गाजलेल्या शर्यतीचं नाव. ते वातावरण बघून जपानी कंपन्यांनी आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचे सायलेन्सर वर घेतले, रुंद हँडल टाकलं, इंजिनाखाली पत्रा लावला आणि स्क्रॅम्बलर म्हणून विकल्या. सुझुकीने एक्स-६ चं तसं केलं, कावासाकीने सामुराईचं केलं, तिचे दोन्ही पाइप एकाच बाजूला, उजव्या मांडीला गारवा आणि डावीला चटका. वाळूत ह्यातली एकही धड चालायची नाही. मग १९६८ ला यामाहाचीच डीटी-१ आली, एक सिलिंडर, हलकी, खरोखर मातीसाठी बनवलेली, आणि ह्या सगळ्या नटव्या बायांचा बाजार उठला. म्हणजे माझी गाडी ना धड रस्त्याची ना धड रानाची. परदेशात राहणाऱ्या लेखकाने इथे लगेच 'मीही तसाच' वगैरे लिहायचं असतं. मी लिहिणार नाही. मी व्यवस्थित रस्त्याचा आहे.

काम सुरू केलं त्याला आता दोन वर्षं झाली. पहिले दोन महिने तर नुसते पिस्टन सुटायची वाट बघण्यात गेले. प्लगच्या भोकातून अॅसिटोन आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल निम्मं-निम्मं मिसळून ओतायचं, रोज संध्याकाळी ऑफिसातून आलं की जरा किक हलवून बघायची, नाही हलली की चहा घ्यायचा. एके दिवशी हलली. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारचा माणूस कुत्र्यासकट बघायला आला. मग सगळं उतरवलं. नट-बोल्ट ठेवायला इडलीपात्र घेतलं, जुनं, एका थाळीला चिर गेलेलं, पण प्रत्येक खळग्यात एकेका जागेचे बोल्ट ठेवायला ह्याच्यासारखी सोय नाही, मी तर म्हणतो इडली हा त्या भांड्याचा दुय्यम उपयोग आहे. टाकीत व्हिनेगर भरून चार दिवस ठेवलं, घरभर लोणच्याच्या बरणीसारखा वास. बेअरिंग बसवायची तर केस गरम लागते आणि बेअरिंग गार, म्हणून बेअरिंग फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाच्या पाकिटाला टेकवून ठेवलं आणि क्रँककेस घातली ओव्हनमध्ये. कितीही धुतली तरी धातूच्या छिद्रांत जुनं तेल राहतंच. तो वास पुढे तीन आठवडे आमच्या केकना येत होता.

तेलाचा वास मला आवडतो हे मात्र कबूल करायला हवं. ह्या गाडीला तेलाची वेगळी टाकी आणि पंप आहे, ऑटोल्यूब, अॅक्सिलेटर जितका पिळाल आणि इंजिन जितकं फिरेल त्या हिशोबाने तेल आत जातं, १९६४ सालची करामत. आमच्याकडे त्यानंतर कित्येक वर्षं स्कूटरवाले पंपावर पेट्रोलात टू-टी तेल टाकून घ्यायचे आणि मग टाकीत नीट मिसळावं म्हणून स्कूटर दोन्ही बाजूंना हलवायचे, तो हलवण्याचा एक ठरलेला ठेका असायचा, सगळे मामा-काका एकसारखे हलवायचे. तेवढ्या आठवणीवर मी एक अख्खा रविवार त्या पंपाच्या नळ्या बदलण्यात घालवला.

सगळ्यात वैताग स्क्रूंचा. आधीच्या मालकांपैकी कुणीतरी, बहुतेक सगळ्यांनीच, कव्हरांचे स्क्रू उघडायचा प्रयत्न केलेला. फुलीची पार वाटी झालेली, काहींवर छिन्नीचे घाव. माझ्याकडच्या चांगल्या महागाच्या स्क्रूड्रायव्हरने मीही दोन घालवले. तेव्हा वाटलं धातूच मऊ आहे, जपानी लोकांनी तिथे पैसे वाचवलेत. मग शोधता शोधता कळलं की ती फुली आपल्याला वाटते ती फुली नाहीच. फिलिप्सची फुली वेगळी, जपानी प्रमाणाची, जेआयएसची वेगळी. दिसायला सारख्या, पण फिलिप्सचं टोक जपानी स्क्रूत पुरतं खाली टेकत नाही, वरच्यावर कडांवर अडकतं आणि जोर लावला की उसळून बाहेर येतं, येताना कडा घासून घेऊन येतं. जितका ताकदीचा माणूस तितका स्क्रू लवकर मरतो. आणि अशा बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर, फुलीच्या एका कोपऱ्यात, खूण म्हणून एक बारीक टिंब असतं. मी दोन वर्षं ते टिंब बघत होतो. मला वाटायचं ओतकामातला डाग असेल.

तर ते टिंब बघत मी पाटावर बसलो होतो.

आमच्या घरी आरएक्स १०० आली १९८७ साली. अण्णा बँकेत होते, नंबर लावून, कर्ज काढून घेतली होती. सुरुवातीच्या आरएक्स जपानहून सुट्या भागांत येऊन इथे जोडल्या जायच्या, त्यामुळे गावातला प्रत्येक आरएक्सवाला आपली गाडी 'ओरिजिनल जपान' आहे असं सांगायचा. आमचे अण्णाही सांगायचे. इंजिनावर हात फिरवून सांगायचे. रविवारी सकाळी दंतमंजनाच्या ब्रशने फिन्समधली माती काढायचे आणि मला फडकं धरून बाजूला उभं करायचे. त्या गाडीचा एकेक स्क्रू मला पाठ होता म्हटलं तरी चालेल, कारण पुसायला मीच असायचो.

मिस्त्रींची शेड एसटी स्टँडच्या मागे होती. पत्र्याची, समोर काळी कुळकुळीत जमीन, तेल पिऊन पिऊन ती चपलेला चिकटायची. मिस्त्री बारीक अंगाचे, डोक्यावर पांढरी टोपी, ती पांढरी कशी राहायची देव जाणे. गाडी लांबून येताना ऐकून सांगायचे, प्लग बदला किंवा चेन सैल आहे. पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी उघडझाप करणारी पट्ट्यांची जोडी, ते सेट करायला त्यांच्याकडे काही यंत्र नव्हतं. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचे, मॅग्नेट हाताने हळूहळू फिरवायचे आणि कागद ज्या क्षणी सैल होऊन हातात यायचा तिथे, "हितं. हितंच ठिणगी." मी बिग बेअरचं टायमिंग केलं तेव्हा माझ्याकडे जपानी डायल गेज होता, दिवा होता, सगळं होतं, पण शेवटी कागद धरून पाहिलाच. दोन्ही सिलिंडरचा कागद गेजने दाखवलं तिथेच सुटला. मला हसू आलं आणि मग नाही आलं.

कारण त्या मिस्त्रींची आमच्या घरातली शेवटची आठवण चांगली नाही. क्लचप्लेटा बदलायच्या होत्या. मी आणि अण्णा शेडमध्ये, मी चौथीत. मिस्त्रींनी उजव्या कव्हरला स्क्रूड्रायव्हर लावला, दोनदा घसरला, मग त्यांनी वर बघून विचारलं, "सायब, गाडीतलं टूलकिट हाय का?" अण्णा म्हणाले, तुमच्याकडे हत्यारं नाहीत का? मिस्त्री काही बोलले नाहीत. छिन्नी घेतली, स्क्रूच्या कडेला तिरकी लावली आणि हातोडीने टक टक टक करत एकेक स्क्रू उलटा फिरवत काढला. खरं तर तीही कलाच आहे, एक ठोका जास्त बसला तर कव्हर फुटतं, कव्हरला त्यांनी एक ओरखडा येऊ दिला नाही. पण स्क्रूंची डोकी गेली. घरी आल्यावर मी पुसायला बसलो आणि मोजले. पाच. मी धावत जाऊन अण्णांना सांगितलं, पाच स्क्रू खराब केलेत. मला आठवतंय की सांगताना मला मजा वाटत होती, काहीतरी पकडून दिल्याची.

अण्णा तसेच चप्पल घालून गेले. मीही मागे. शेडमध्ये आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर अण्णा खूप बोलले. जपानी गाडी आहे ही, बैलगाडी नाही. ज्याला स्क्रू उघडता येत नाही त्याने दुकान थाटू नये. मिस्त्री खाली बसून कुणाच्या तरी कार्बोरेटरमध्ये फुंकर मारत होते. ते उठले नाहीत. फक्त म्हणाले, "साचा येगळा हाय सायब त्यो." बस्स. अण्णांना वाटलं सबब सांगतोय. मलाही तसंच वाटलं. त्यानंतर आमची गाडी दुसरीकडे जायला लागली, चकचकीत बोर्ड असलेल्या एका ठिकाणी, तिथे त्यांनी सगळे नवे स्क्रू टाकून दिले आणि बिल लावलं. मिस्त्री रस्त्यात दिसले की अण्णा दुसरीकडे बघायचे, मी पण.

साचा वेगळा आहे. पस्तीस वर्षांहून जास्त काळ मी ते वाक्य विसरून गेलो होतो. त्यांनी कुठलं प्रमाण-बिमाण वाचलेलं नव्हतं, ते टिंब त्यांनी पाहिलं होतं की नाही माहीत नाही, पण दोनदा घसरल्यावर हाताला कळलं की ही फुली ती नव्हे. मला इंजिनिअरिंगची पदवी, दोन वर्षं आणि पोस्टाने आलेलं एक हत्यार लागलं.

गाडी मग उरलेल्या महिन्यात पटापट होत गेली. सिलिंडर आतून जरासा कापून एकच माप मोठा पिस्टन घातला, तेवढ्यावर निभावलं, क्रँकची दोन्ही सिलं नवीन टाकली. जुनी बाहेर काढली तेव्हा नख मारलं तर बिस्किटासारखी तुटत होती, त्यातून हवा ओढून इंजिन कोरडं चालतं आणि पिस्टन धरतो, ही गाडी शेडमध्ये जाऊन पडायचं कारणही तेच असणार. सुरू झाली तो क्षण मी इथे वर्णन करत नाही, तो प्रत्येकाने आपल्या गाडीचा स्वतःच ऐकावा. शेजारचा माणूस पुन्हा कुत्र्यासकट आला, धूर बघून कुत्रं परत गेलं. एका रविवारी तिला ट्रेलरवर टाकून घाटाच्या पायथ्याशी नेली आणि तिथून चालवत बिग बेअर तळ्याला. नावाचं गाव दाखवून आणू म्हटलं. खाली सॅन बर्नार्डिनोत झकास होती, तारेसारखा आवाज, तिसऱ्या गिअरमध्ये कान टवकारल्यासारखी उचलायची. वर चढायला लागलो तशी कुरकुरायला लागली. तळं पावणेसात हजार फुटांवर, हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, मिक्स्चर जाड होऊन प्लग काळे ओले. तळ्याच्या काठी पोचलो तेव्हा एकाच सिलिंडरवर भकभकत होती. जिच्या नावावर बिग बेअर आहे तिला बिग बेअरची हवा मानवत नाही! पेट्रोल कमी सोडणारे कार्बोरेटरचे बारीक जेट खिशात होते, पण मी ते लगेच बदलले नाहीत. काठावर थर्मासमधला चहा घेतला, दोन म्हातारे येऊन माझ्याकडे अशी होती म्हणून सांगून गेले, आणि मी आपला कव्हरवरच्या स्क्रूंकडे बघत बसलो. ज्यांची डोकी गेली होती ते सोडून बाकीचे मी मूळचेच ठेवलेत. हल्ली सगळे अॅलनचे, म्हणजे षटकोनी खाचेचे, स्टीलचे बोल्ट टाकतात, ते शहाणपणाचंही आहे. पण मला ती टिंबं दिसायला हवी होती.

परत आल्यावर अण्णांना फोन लावला. ते आता ब्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं पण आरएक्सचा नंबर विचारा, झोपेत सांगतील. मी त्यांना फुलीचं सगळं सांगितलं, हे टोक आणि ते टोक, आणि मिस्त्रींची चूक नव्हती म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे पण तसला होता की आपल्या गाडीत. टूलकिटमध्ये. उलटसुलट करून बसवायचा, दोन्ही बाजूंना टोक असलेला."

मी म्हटलं, मग मिस्त्रींनी मागितला तेव्हा दिला का नाही?

"तू गोट्यांची गल खणायला नेला होतास आणि हरवून आलास. तुझी आई बोलली होती मला."

मला हे अजिबात आठवत नाही. गल आठवते, वाड्याच्या मागची, चिंचेखालची. हत्यार आठवत नाही. मी विचारलं, तर मग तसं सांगायचं ना त्यांना.

"चारचौघांत पोराचं नाव सांगायचं होय?"

आणि भांडायला गेलात ते?

अण्णा जरा थांबले. मागे आईने टीव्ही लावलेला ऐकू येत होता. "पाच स्क्रू गेले होते ना रे," ते म्हणाले. "तूच मोजलेस."

मिस्त्री हयात आहेत का, हे मी विचारलं. शेड कधीच गेली, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत, एवढंच त्यांना माहीत होतं. मग त्यांनी तिकडे थंडी किती आहे ते विचारलं आणि गुडघ्याचं सांगितलं.

फोन ठेवून गॅरेजमध्ये गेलो. बिग बेअरची सीट वर करून ते जुनं पाऊच बाहेर काढलं. दोन पाने, प्लगचा पाना, आणि मधे एक लांबट खाच रिकामी. ती आधीपासून रिकामीच होती, मी कधी नीट पाहिलं नव्हतं. इथलाही कुणी पोरगा घेऊन गेला असेल, काय खणायला कोण जाणे. माझा नवा स्क्रूड्रायव्हर त्यात घालून पाहिला.

लांब आहे. बसत नाही.